हरित होस्टिंग आणि गिऱ्हाईक

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने संगणकाच्या भाड्यावर बोलावे याचे व्याख्यानमालेच्या चालकांनाही प्रथम नवल वाटले. बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी पद्धत असा एखादा विषय आमच्याकडून येईल अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु हा विषय आम्ही निवडला नाही. तो बिलाच्या रूपाने आमच्या दारी चालत आला. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही असेल ते सार्वजनिक वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झालेले. तेव्हा येथे जे सांगावयाचे आहे ते तज्ज्ञाचे नव्हे, एका चौकस गिऱ्हाइकाचे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हकीकत अशी. आमच्या युनियनचे एक संकेतस्थळ आहे. भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज, वेतनकरारांच्या प्रती, सभांच्या तारखा असे साहित्य त्यावर असते. ज्या कंपनीच्या यंत्रावर ते ठेवले आहे तिला आम्ही दरसाल भाडे भरतो. दोन वर्षांपूर्वी भाड्याचे बिल आले त्यात नेहमीच्या रकमेखाली एक नवी ओळ होती : ‘हरित होस्टिंग, संपूर्ण स्वच्छ ऊर्जेवर’, आणि तिच्यापुढे काही शे रुपये. आमचे खजिनदार जुन्या वळणाचे, चहाच्या कपाचाही हिशेब वहीत लिहिणारे. ते म्हणाले, “भाऊ, हा हिरवा कर कोणी बसविला? आणि भरला तर आपल्या पदरात पडते काय?” कार्यकारिणीत कोणालाच उत्तर देता येईना. प्रश्न रास्त होता. पैसा सभासदांच्या वर्गणीचा. तो कशापायी गेला हे सांगता आलेच पाहिजे.

प्रथम होस्टिंग म्हणजे काय ते पाहू. ‘क्लाउड’ या शब्दामुळे पुष्कळांची अशी समजूत झाली आहे की, आपले संकेतस्थळ कोठेतरी आभाळात राहते. वस्तुतः ते कोठल्यातरी इमारतीत, लोखंडी मांडणीवर ठेवलेल्या एका संगणकात असते. या संगणकाला सर्व्हर म्हणतात. मध्यरात्री कोणी पान मागितले तरी ते मिळावे म्हणून सर्व्हर अहोरात्र चालू ठेवावा लागतो. १९९० सालच्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत जगातले पहिले संकेतस्थळ ज्या संगणकावर चालविले, त्यावर त्यांनी हाताने लिहून एक चिठ्ठी चिकटविली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये. या धंद्याचे सारे मर्म त्या चिठ्ठीत आहे. गिरणीला निदान साप्ताहिक सुट्टी असे. सर्व्हरला तीही नाही. त्याच्या पोटातली जागा भाड्याने देणे म्हणजे होस्टिंग.

असे हजारो सर्व्हर एका छपराखाली ठेवावयाची जागा म्हणजे डेटा सेंटर. आम्ही ज्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम करतो तेथे ऐरोली, रबाळे, महापे या भागांत अशी डेटा सेंटरे उभी राहिली आहेत. समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, आणि मोठमोठ्या बँका व कचेऱ्याही येथेच. त्यामुळे हा धंदा देशात सर्वांत अधिक मुंबईच्या आसपासच वाढला. एके काळी हा पट्टा रासायनिक कारखान्यांचा होता. पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरून जाई. आता त्याच रस्त्याने गेले तर जवळजवळ बिनखिडक्यांच्या उंच इमारती दिसतात, फाटकावर पहारेकरी दिसतो, आणि पाळी सुटल्याचे कळतही नाही. रोजगाराच्या या बाजूबद्दल आमचे मत तिखट आहे. पण तो आजचा विषय नव्हे.

या इमारतीत जाते काय? मुख्यतः वीज. आणि बाहेर पडते काय? उष्णता. सर्व्हरला दिलेली बहुतेक सारी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, आणि ती काढून टाकली नाही तर यंत्रे बंद पडतात. म्हणून यंत्रांना वीज, ती थंड करणाऱ्या यंत्रांना वीज, शिवाय वीज गेलीच तर तात्काळ उपयोगी पडावी म्हणून बॅटऱ्या आणि डिझेलवर चालणारी जनित्रे, असा संसार असतो. सर्व्हरांनी शंभर युनिटे खाल्ली आणि इमारतीच्या मीटरवर दीडशे पडली, तर वरची पन्नास युनिटे थंडाव्यात व इतर खर्चात गेली. या प्रमाणाला धंद्यातले लोक पीयूई म्हणतात. येथे ते १.५ झाले. जितके एकाच्या जवळ तितके चांगले. जगातली सरासरी गेली काही वर्षे दीडच्या किंचित वरच रेंगाळत आहे. गूगल आपले प्रमाण १.१ च्या आसपास असल्याचे सांगते. फेसबुकने २०१३ साली स्वीडनच्या उत्तर भागातील लुलेओ या गावी डेटा सेंटर सुरू केले, ते तेथल्या गार हवेचा उपयोग व्हावा म्हणून. आमच्याकडे मे महिन्यात घामाने शर्ट अंगाला चिकटतो. तेथे बाहेरची हवा आत घेऊन थंडावा कोठून येणार?

हा खर्च जगाच्या हिशेबात किती? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे ४१,५०० कोटी युनिटे वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या हा सुमारे दीड टक्का. २०३० पर्यंत तो आकडा दुपटीच्याही वर, ९४५ च्या आसपास जाईल असा त्या संस्थेचा अंदाज आहे. दीड टक्का ऐकावयास थोडा वाटतो. पण हा भार सर्वत्र सारखा पसरलेला नसून काही ठिकाणी गोळा झालेला आहे. आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवर मोजलेल्या एकूण विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरांकडे गेली.

आता आमच्या बिलाकडे वळू. खजिनदारांच्या शंकेला उत्तर म्हणून आम्ही एक ढोबळ हिशेब मांडला. समजा, एक साधा सर्व्हर सतत २०० वॅट वीज घेतो. वर्षाची १,७५२ युनिटे झाली. थंडाव्याचा खर्च धरून दीडपट केली तर २,६२८. आपल्या देशातील विजेमागे सरासरीने युनिटाला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली वीज बहुतांश कोळशावर होते. म्हणजे एका सर्व्हरमागे वर्षाला १,८०० किलोंहून थोडा अधिक. परंतु आमच्यासारखी लहान संकेतस्थळे एकटी राहत नाहीत. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी एकाच सर्व्हरवर शेकडो नांदतात. तीनशे धरली तर आमच्या वाट्याला वर्षाची नऊ युनिटे आणि सहा किलो कार्बन आला. खजिनदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नऊ युनिटे म्हणजे घरातला पंखा पाच-सहा दिवस चालला इतकेच!

येथेच दुसरा हिशेब सुचला. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२१ साली सामान्य वीजग्राहकालाही एक सवलत दिली : आपल्याला सर्व वीज अपारंपरिक स्रोतांची हवी असे म्हणणाऱ्याने युनिटामागे ६६ पैसे जादा भरावेत व तसा दाखला घ्यावा. नऊ युनिटांना त्या दराने जादा आकार सहा रुपये पडतो. आमच्याकडून मागितले होते काही शे. कंपनीला कागदपत्रांचा खर्च असेल, नफाही धरू. तरी सहा रुपयांच्या वस्तूला शेकडो रुपये मागितले जात असतील तर गिऱ्हाइकाने निदान भुवई उंचवावी.

आता त्या ‘हरित’ शब्दाकडे. आम्ही निरनिराळ्या कंपन्यांच्या जाहिराती वाचल्या तेव्हा असे ध्यानात आले की, एकाच शब्दाखाली अगदी वेगवेगळा माल विकला जात आहे. कोणी म्हणतो, आमची यंत्रे नवी आहेत, वीज कमी खातात. ही गोष्ट चांगलीच. पण कोळशाची वीज काटकसरीने वापरली म्हणून ती स्वच्छ होत नाही. पीयूईचा आकडा वीज किती लागली हे सांगतो, कोठून आली हे सांगत नाही. कोणी म्हणतो, तुमच्या प्रत्येक वर्षाच्या भाड्यामागे आम्ही एक झाड लावतो. झाडाला आमचा विरोध नाही. मात्र आज धुराड्यातून गेलेला धूर आणि वीस वर्षांनी वाढणारे झाड, तेही जगले तर, यांची फेड लावणे हा व्यवहार आमच्या खजिनदारांनी पतपेढीत तरी मंजूर केला नसता.

बहुतेकांचा आधार मात्र प्रमाणपत्रांवर असतो, आणि ती नीट समजून घेतली पाहिजेत. पवनचक्कीने वा सौर प्रकल्पाने एक हजार युनिटे निर्माण केली की तेवढ्याचे एक प्रमाणपत्र त्या प्रकल्पाला मिळू शकते. आपल्या देशात ही पद्धत २०१० साली आली. वीज तारेने जाते आणि प्रमाणपत्र वेगळे विकता येते. याला कारण आहे. तारांचे जाळे तलावासारखे असते. दहा ओढे त्यात येऊन मिळतात आणि आपल्या घागरीतले पाणी कोणत्या ओढ्याचे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून स्वच्छ ओढ्याची मालकी कागदावर वाटून घेतात. ही लबाडी नव्हे, हिशेबाची रीत आहे. प्रश्न पुढचा आहे : तुम्ही तो कागद घेतल्यामुळे नवी पवनचक्की उभी राहिली, की वर्षानुवर्षे फिरत असलेल्या चक्कीच्या मालकाला चार पैसे जादा मिळाले? आणि सूर्य दुपारी तळपतो, सर्व्हर मध्यरात्रीही चालतो. त्या मध्यरात्रीच्या विजेचे काय?

हा आक्षेप आमचा एकट्याचा नाही. गूगल कंपनीने २०१७ पासून वर्षभरात जेवढी वीज वापरली तेवढी स्वच्छ वीज खरेदी केल्याचा हिशेब दाखविला. तरी २०२० साली तिनेच जाहीर केले की, वर्षाचा मेळ पुरेसा नाही, २०३० पर्यंत तासातासाचा मेळ घालावयाचा. त्याच कंपनीने २०२४ साली सांगितले की, २०१९ च्या तुलनेने २०२३ मध्ये तिचे एकूण कार्बन उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढले. म्हणजे ‘शंभर टक्के’ हा शब्द खरा आणि वाढही खरी. एवढ्या मोठ्या आणि आकडे उघड करणाऱ्या कंपनीची ही कथा, तर आमच्या बिलातल्या एका ओळीचे वजन किती असावे?

आम्ही कंपनीला पत्र टाकले. तीन आठवड्यांनी उत्तरासोबत एका प्रमाणपत्राची छायाप्रत आली. त्यावर आमच्या कंपनीचे नावच नव्हते. चौकशी करता साखळी उलगडली ती अशी : ज्यांना आम्ही भाडे देतो त्यांच्या मालकीचा एकही सर्व्हर नाही. ते दुसऱ्या मोठ्या कंपनीकडून घाऊक जागा घेऊन किरकोळीने विकतात. ती कंपनी डेटा सेंटरात मांडण्या भाड्याने घेते. डेटा सेंटरचा मालक तिसरा, आणि विजेची खरेदी त्याची. प्रमाणपत्र होते ते त्या तिसऱ्याच्या नावे, मागल्या वर्षाचे, आणि त्याच्या निम्म्याहून कमी विजेचे. ते उतरत उतरत आमच्या बिलापर्यंत आले तेव्हा त्याचे ‘संपूर्ण’ झाले होते.

कंत्राटी कामगारांत काम केलेल्या माणसाला हे चित्र पाठ आहे. सफाई कामगार म्हणतो पगार कंत्राटदाराने थकविला. कंत्राटदार म्हणतो वरून बिल निघाले नाही. मुख्य मालक म्हणतो, हा माणूस माझा नव्हेच. १९७० सालच्या कंत्राटी कामगार कायद्याने त्यावर उपाय असा केला होता की, कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते मुख्य मालकाने द्यावयाचे. जबाबदारी साखळीत हरवू द्यावयाची नाही, हे त्यातले तत्त्व. येथेही गिऱ्हाइकाने तेच धरावे. ज्याने बिलावर शब्द लिहिला त्यानेच तो शाबीत करावा. वर कोण आहे ते त्याने पाहावे.

कायदाही आता गिऱ्हाइकाच्या बाजूने थोडा उभा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम शब्द खुलाशाशिवाय वापरू नयेत, आणि दाव्याला पडताळता येईल असा पुरावा असावा, असे त्यांत सांगितले आहे. नेदरलँड्समध्ये २००६ साली स्थापन झालेली ग्रीन वेब फाउंडेशन ही संस्था होस्टिंग कंपन्यांकडून पुरावे मागवून एक सार्वजनिक यादी ठेवते. तिच्या पानावर आपल्या संकेतस्थळाचा पत्ता घातला की ते यादीतल्या कंपनीकडे आहे की नाही हे फुकट कळते. यादीत नाव असणे हा अखेरचा निवाडा नव्हे, पण चौकशीचा आरंभ तेथून करावयास हरकत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ‘स्वच्छ’ विजेचाही कोणीतरी शेजारी असतो. मुंबईच्या गिरण्यांना धूर न होणारी वीज मिळावी म्हणून टाटांनी सह्याद्रीत धरणे बांधली. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. पुढच्या धरणासाठी मुळशी पेट्यातली गावे बुडणार म्हणून १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झालेच. गिरणगावात दिवे लागले ते कोणाच्या शेतावरून वाहिलेल्या पाण्यावर, हे आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीशा गिरणी कामगारांना ठाऊक होते? आजच्या डेटा सेंटरांनाही शेजारी आहेत. अमेरिकेत ऑरेगन राज्यात द डॅल्स नावाचे एक लहान गाव आहे. तेथील गूगलच्या केंद्रांना पाणी किती लागते हे एका वृत्तपत्राने विचारले, तर ते व्यापारी गुपित ठरवून गावच्या प्रशासनानेच कोर्ट गाठले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि आकडा बाहेर आला : २०२१ साली गावाच्या एकूण पाण्याच्या पाव हिश्श्याहून अधिक! काही ठिकाणी यंत्रे थंड करताना पाणी वाफ करून उडवून दिले जाते, त्याचा हा परिणाम. बिलावर ‘हरित’ लिहिणाऱ्याने पाण्याबद्दल आणि डिझेलच्या जनित्रांबद्दल अवाक्षर काढलेले आम्हांला अद्याप दिसले नाही.

मग गिऱ्हाइकाने करावे काय? पहिली भीती काढून टाकावी. वीज पवनचक्कीची असली म्हणून संकेतस्थळ मंद होत नाही वा बंद पडत नाही. सर्व्हरला विजेची जात कळत नाही. वेग ठरतो तो यंत्राच्या ताकदीवर, एका यंत्रावर किती बिऱ्हाडे कोंबली आहेत त्यावर, आणि यंत्र वाचकापासून किती लांब आहे यावर. आइसलँडमधली वीज स्वच्छ म्हणून तेथे संकेतस्थळ ठेवता येईल, पण आपला वाचक कळव्याचा असेल तर प्रत्येक मागणी तेवढा पल्ला जाऊन येणार, हे ध्यानात असू द्यावे.

आपल्या हातात असलेली गोष्ट म्हणजे आपल्या पानांचे वजन. आज एका सामान्य पानाचे वजन अडीच मेगाबाइटच्या आसपास असते. आमच्या मुखपृष्ठाचे वजन काढले तेव्हा लाज वाटली. मोर्च्याची चाळीस छायाचित्रे, फोनवरून जशी आली तशी चढविलेली. दिवसाचा डेटा संपत आलेला सभासद भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज शोधावयास येई आणि त्याला आधी आमच्या पुढाऱ्यांची तोंडे पाहावी लागत. एका रविवारी ती सर्व छायाचित्रे लहान केली, निम्मी काढून टाकली. पान पूर्वीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी झाले. त्याला कोणाचे प्रमाणपत्र लागले नाही, आणि सभासदांचे फोन आले की, “भाऊ, आता पान पटकन उघडते.”

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि पुष्कळांच्या ध्यानात नसलेली. गिऱ्हाइकाचे बळ सोडून जाण्यात असते. कामगाराच्या हाती संप, गिऱ्हाइकाच्या हाती घर बदलणे. पण संकेतस्थळाचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो तुमच्या नावे नोंदलेला नसेल तर तुम्ही घर बदलू शकत नाही. पत्त्याचा धनी दुसराच. आमच्या बाबतीत तसेच निघाले. ज्या होतकरू तरुणाने संकेतस्थळ बांधून दिले त्याने, मनात काही वाईट नसताना, पत्ता स्वतःच्या नावे घेतला होता. वाचनालये, पतसंस्था, शाळा, लहान दुकानदार यांनी घरी गेल्यावर प्रथम हे पाहावे. पत्ता आपल्या नावे, साहित्याची एक प्रत आपल्याजवळ. मग पत्र लिहावयास बसावे.

आम्ही दुसरे पत्र एकट्याने लिहिले नाही. त्याच कंपनीची गिऱ्हाइके असलेल्या आणखी दोन संघटना, एक पतसंस्था आणि एक वाचनालय यांच्या सह्या घेतल्या. नऊ युनिटांच्या गिऱ्हाइकाला कोण विचारतो? पाच जण मिळून गेलो तेव्हा पहिल्यांदा कंपनीच्या साहेबांचा फोन आला. आम्ही विचारले होते ते इतकेच : सर्व्हर कोणत्या डेटा सेंटरात आहेत, तेथील पीयूई किती, विजेचा किती हिस्सा थेट खरेदीचा व किती प्रमाणपत्रांचा, ती प्रमाणपत्रे कोणत्या वर्षाची, आणि जादा आकारातले किती पैसे वर पोहोचतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आले नाही. बाकीची आली, आणि सभ्यपणाने आली हे नमूद करावयास हवे. पुढल्या बिलातून ‘संपूर्ण’ हा शब्द गेला, जादा आकारही गेला, आणि त्या जागी डेटा सेंटरने जाहीर केलेला हिस्सा वर्षासह छापून आला. आम्ही त्याच कंपनीकडे राहिलो. ते उत्तर युनियनच्या कचेरीत फलकावर लावले आहे. पत्ता आमच्या नावे करून घेण्याचे काम मात्र आणखी दोन महिने चालले, कारण तो तरुण आता नोकरीसाठी पुण्याला असतो आणि मंजुरीचा आकडा त्याच्या जुन्या, बंद पडलेल्या फोन नंबरावर जात होता.